कुंतीचे बोन्साय: विकत आणल्यानंतरचे पहिले वर्ष

मागच्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस पुण्याजवळ सोलापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून मी कुंतीचे बोन्साय विकत आणले. सोरतापवाडीपासून उरुळी कांचनपर्यंतच्या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना रोपवाटिका आहेत आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी या झाडाच्या पाटीवर ‘कामिनी’ किंवा ‘मधुकामिनी’ असे लिहिलेले असते. झाड ट्रेपासून जेमतेम दीड फूट उंच होते, खोड अंगठ्याच्या दुप्पट जाड, साल फिकट आणि गुळगुळीत, आणि फांद्यांच्या टोकांना पांढऱ्या फुलांचे चार घोस. विक्रेत्याने झाडाचे वय बारा वर्षे सांगितले. वयाची खात्री करून घेण्याचा माझ्याकडे कोणताही मार्ग नव्हता आणि खरे सांगायचे तर त्याची गरजही वाटली नाही, कारण बुंध्याशी मुळे चारही दिशांना नीट पसरलेली दिसत होती आणि बोन्साय निवडताना मी वयापेक्षा या पसरलेल्या मुळांना अधिक महत्त्व देते.

कुंती निवडण्यामागे एक घरगुती कारण होते. हे झाड लिंबू-संत्र्याच्या कुळातले आहे. त्याचे पान उजेडाकडे धरले तर संत्र्याच्या पानासारखेच तेलाचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, आणि फुलाचा वास संत्र्याच्या मोहोराच्या वासाशी इतका जुळतो की विदर्भात वरुडला आमच्या संत्र्याच्या बागेत वाढलेल्या माणसाला तो डोळे मिटूनही ओळखता यावा. ‘मुराया’ हे त्याचे शास्त्रीय प्रजातिनाम लिनियसने आपल्या योहान अँड्रियास मरे या शिष्याच्या नावावरून दिले. आपला कढीपत्ताही पुष्कळ काळ याच प्रजातीत मोजला जात होता. अलीकडे त्याला वेगळ्या प्रजातीत ठेवतात. हे नातेसंबंध मी केवळ कुतूहल म्हणून नोंदवत नाही. नव्या झाडाची काळजी घेताना मला जे काही उमगले, त्यातले निम्मे संत्र्याच्या बागेतूनच आले.

पहिला प्रश्न जागेचा होता. रोपवाटिकेत हे झाड हिरव्या शेडनेटखाली, दमट हवेत, शेकडो कुंड्यांच्या दाटीत उभे होते. माझी पूर्वेची गॅलरी तिसऱ्या मजल्यावर असून तिथे सकाळी सातपासून साधारण साडेअकरापर्यंत थेट ऊन येते आणि वारा दिवसभर वाहतो. कुंतीला फुलण्यासाठी रोज किमान चार तास तरी ऊन लागते, त्यामुळे जागा योग्यच होती. तरीही सावलीत तयार झालेली पाने एकदम उन्हात ठेवली तर करपतात. म्हणून पहिले पाच-सहा दिवस झाड भिंतीच्या आडोशाला ठेवले, पुढच्या आठवड्यात फक्त कोवळे ऊन दिले आणि नंतर कठड्याजवळ नेले. बोन्साय ही घराच्या आत, दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवण्याची वस्तू आहे असा समज अनेकांचा असतो आणि विक्रेतेही तो दूर करत नाहीत. उष्ण प्रदेशातले फुलझाड बंद खोलीत ठेवले तर ते काही महिने तग धरते आणि हळूहळू विरळ होत जाते. पाहुणे येणार असतील तर एक संध्याकाळ आत आणावे, इतपत ठीक आहे. गॅलरीतल्या इतर कुंड्यांपासून मात्र मी त्याला तीन आठवडे वेगळे ठेवले, कारण बाहेरून आलेल्या झाडाबरोबर पिठ्या ढेकूण आणि खवले कीड घरात येणे अगदी सहज घडते.

दुसऱ्या दिवशी पाणी घालताना एक गोष्ट लक्षात आली. मातीवर पांढरे गोटे पसरलेले होते, ते एकमेकांना गोंदासारख्या पदार्थाने चिकटवलेले होते. वाहतुकीत माती सांडू नये आणि ट्रे देखणा दिसावा म्हणून असे करतात, परंतु त्यामुळे वरून घातलेले पाणी त्या थरावरून घरंगळून काठाकडे जात होते आणि बुंध्याखालची माती कोरडीच राहत होती. मी ट्रे एका टबात मातीच्या पातळीच्या बोटभर वर पाणी येईल असा बुडवून ठेवला, बुडबुडे येणे थांबेपर्यंत वाट पाहिली आणि गोट्यांचा थर भिजून सैल झाल्यावर चिमट्याने एकेक तुकडा उचलून काढला. नवे बोन्साय आणणाऱ्या प्रत्येकाने हे काम पहिल्याच दिवशी करावे, असे मला मनापासून सांगावेसे वाटते. मुळांना धक्का न लावता करता येण्यासारखी ती एकच मोठी सुधारणा असते. त्याच वेळी ट्रेच्या तळाची भोके मोकळी आहेत की नाहीत, हेही खालून काडी घालून पाहावे. माझ्या ट्रेच्या दोन भोकांपैकी एक चिकण मातीने पूर्ण बुजलेले होते.

फुले दोन दिवसांत गळली. कुंतीच्या फुलांचे आयुष्य तेवढेच असते, त्यामुळे त्याचे काही वाटले नाही. परंतु दुसऱ्या आठवड्यापासून पानेही पिवळी पडून गळू लागली आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत झाडाची जवळजवळ एक तृतीयांश पाने खाली आली. जागा बदललेले झाड जुन्या उजेडासाठी तयार केलेली पाने टाकते आणि नव्या उजेडासाठी नवी तयार करते, हे मला वाचून ठाऊक होते; तरीही रोज सकाळी जमिनीवर पडलेली पाने पाहताना ते ज्ञान फारसे आधार देत नाही. अशा वेळी हात शिवशिवतात. अधिक पाणी द्यावे, थोडे खत घालावे, जागा पुन्हा बदलावी, माती बदलून पाहावी, असे सगळे एकाच वेळी सुचते आणि त्यांतला प्रत्येक उपाय त्या घडीला घातकच असतो. पाने कमी झाली म्हणजे झाडातून हवेत जाणारे पाणीही कमी झाले, म्हणजेच ट्रेमधली माती पूर्वीपेक्षा अधिक काळ ओली राहणार. त्यात आपण काळजीपोटी अधिक पाणी घातले की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. मी एका बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहिली. खाली ओला हिरवा रंग होता. तेवढ्या पुराव्यावर मी झाड जिथे होते तिथेच राहू दिले.

पाणी किती द्यावे, या प्रश्नाला दिवसांच्या हिशेबात उत्तर देता येत नाही. माझा ट्रे सुमारे ३० सेंटीमीटर लांब, २० सेंटीमीटर रुंद आणि ५ सेंटीमीटर खोल आहे, म्हणजे त्यात फार तर तीन लिटर माती मावते. एवढी माती पुण्याच्या एप्रिलमधल्या दुपारी काही तासांत सुकू शकते आणि जानेवारीच्या थंडीत दोन-दोन दिवस ओली राहू शकते. मी जळून गेलेल्या उदबत्तीची बांबूची काडी वापरते. ती मातीत तीन-चार सेंटीमीटर खोल रोवून पाच मिनिटांनी काढायची. काडी गडद आणि गार लागली तर पाणी द्यायचे नाही, आणि फिकट कोरडी निघाली तर तळाच्या भोकांतून पाणी मोकळेपणाने वाहीपर्यंत बारीक झारीने द्यायचे. वरवर शिंपडणे सर्वांत वाईट, कारण त्याने फक्त वरचा थर भिजतो आणि खालची मुळे वाळतात. उन्हाळ्यात आमच्या इमारतीला पुष्कळदा टँकरचे पाणी येते आणि ते जड असते. कुंतीला किंचित आम्ल माती मानवते. जड पाण्याने मातीतले लोह झाडाला घेता येईनासे होते आणि कोवळी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तशी चिन्हे मे महिन्यात दिसली, तेव्हा शेतीच्या दुकानात मिळणारे चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले लोह, अगदी कमी प्रमाणात एकदा दिले, आणि पावसाळ्यापासून पागोळ्यांचे पाणी दोन कॅनमध्ये साठवून ठेवण्याची सवय लावून घेतली.

खताबद्दल थोडक्यात सांगते. नवी पालवी फुटून तिची पाने पूर्ण उघडेपर्यंत काहीही दिले नाही. त्यानंतर शेंगदाण्याची पेंड चार दिवस भिजवून, तिचे निवळ कोऱ्या चहाच्या रंगाइतके पातळ करून, पंधरा दिवसांतून एकदा दिले.

मार्चमध्ये फांद्यांच्या टोकांवर पोपटी कोंब दिसू लागले आणि त्यांच्याबरोबर फुलांची ओढही लागली. इथे बाबांची आठवण येणे अपरिहार्य होते. संत्र्याच्या बागेत बहार आपोआप येण्याची वाट पाहत नाहीत, तो धरावा लागतो. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी, उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडतात. हलक्या जमिनीत साधारण महिनाभर आणि भारी काळ्या जमिनीत दोन महिन्यांपर्यंत झाडांना ताण देतात. त्या काळात नवी वाढ थांबते, पानांनी तयार केलेले अन्न फांद्यांत साचते, पाने मलूल होऊन थोडी गळू लागतात, आणि जूनचा पाऊस पडून ताण तुटला की तीनेक आठवड्यांत बाग पांढरी होते. हिवाळ्याच्या अखेरच्या आंबिया बहारासाठी हाच क्रम डिसेंबर-जानेवारीत होतो. कुंतीचा स्वभाव अगदी हाच आहे. कोरड्या दिवसांनंतर भरपूर पाणी मिळाले की ती एका लाटेत फुलते, आणि म्हणून पहिल्या पावसानंतर शहरातल्या कुंतीच्या कुंपणांचा वास एकाच आठवड्यात सगळीकडे येतो.

मग ट्रेमधल्या कुंतीला मी ताण का दिला नाही? बाबा कोणत्या झाडांना ताण देत आणि कोणती वगळत, ते मला आठवले म्हणून. नवीन लावलेल्या कलमांचा बहार ते पहिली चार-पाच वर्षे धरत नसत. आलेली फुलेही खुडून टाकायला सांगत. रोगाने थकलेल्या झाडाला त्या वर्षी ते ताण देत नसत. माझे झाड वयाने कितीही असले, तरी माझ्या गॅलरीत ते त्या कलमांइतकेच नवे होते आणि एक तृतीयांश पाने टाकून थकलेलेही होते. शिवाय जमिनीतल्या झाडाची मुळे खोलवरच्या ओलीपर्यंत पोचलेली असतात, त्यामुळे ताण त्याला हळूहळू जाणवतो. तीन लिटर मातीतल्या झाडाला तो एका दुपारीच असह्य होतो आणि पाणी शोषणारी बारीक मुळाग्रे आधी मरतात. विकत आणलेल्या फुलझाडाकडून पहिल्या हंगामात फुले मागू नयेत, असे माझे ठाम मत आहे. झाड विकताना ते फुललेले दिसावे यासाठी रोपवाटिकेत त्याच्याकडून आधीच पुष्कळ काम करून घेतलेले असते.

कुंडी बदलण्याचे काम मी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात केले. अनेक जण फेब्रुवारी-मार्चमध्ये ते करतात आणि तेही योग्यच आहे, पण माझे झाड तेव्हा पाने टाकत होते. पाऊस सुरू झाल्यावर हवा गार आणि दमट होते, पानांवरचा भार कमी होतो आणि उष्ण प्रदेशातल्या झाडांची मुळे जोमाने वाढतात. ट्रेमधून बाहेर काढल्यावर मुळांचा गोळा विटेसारखा कठीण निघाला. रोपवाटिकेतली चिकण माती बुंध्याखाली इतकी घट्ट बसली होती की पाच महिने मी घातलेले पाणी तिच्या बाजूंनीच जात असावे. ही सगळी माती एकाच वेळी धुऊन काढण्याचा मोह झाला आणि तो मी टाळला. गोळ्याच्या एका बाजूची अर्धी माती बांबूच्या काडीने हळूहळू विंचरून काढली, त्या बाजूची लांब वेटोळी मुळे कापली आणि दुसरी बाजू जवळजवळ तशीच ठेवली. एकूण मुळांपैकी चौथा हिस्सा तरी गेला असेल. पहिल्या खेपेला त्याहून अधिक कापू नये.

नव्या मिश्रणासाठी पाच भाग भाजलेल्या विटांचे तुकडे, दोन भाग बारीक खडी आणि तीन भाग पूर्ण कुजलेले पालापाचोळ्याचे खत घेतले. विटांचे तुकडे दोन चाळण्यांतून चाळून दोन ते पाच मिलिमीटरचेच ठेवावेत आणि खाली पडलेली भुकटी निर्दयपणे बाजूला काढावी, कारण ती भुकटीच पुढे पाण्याबरोबर खाली बसून चिखल करते. जपानी आकादामा माती आपल्याकडे मिळते, परंतु ती महाग आहे आणि आपल्या वीटभट्टीचा चाळलेला चुरा पाणी धरण्याचे आणि हवा खेळती ठेवण्याचे तेच काम चांगले करतो. भोकांवर जाळी बसवून, तळातून ओवलेल्या तारेने मुळांचा गोळा ट्रेला बांधून घेतला. तिसऱ्या मजल्यावरच्या वाऱ्यात झाड हलत राहिले असते तर नवी मुळे फुटताच तुटली असती. त्यानंतर पंधरा दिवस झाड सावलीत, थेट पावसापासून आडोशाला ठेवले आणि सहा आठवडे खत बंद ठेवले. जुलैच्या झडीत ट्रेच्या एका बाजूखाली लाकडाची पाचर सरकवून तो किंचित तिरका केला, म्हणजे साचू पाहणारे पाणी उताराच्या भोकातून निघून जाते.

आता किडीबद्दल, आणि हा भाग मी विदर्भातल्या वाचकांसाठी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे. मार्चच्या पालवीवर मला तीन-चार मिलिमीटर लांबीचे तपकिरी कीटक दिसले होते. ते कोंबावर डोके टेकवून मागचा भाग वर उचलून बसत आणि जवळच पिवळसर पिल्लांच्या अंगातून पांढरे मेणचट धागे निघत. मी त्यांना मावा समजले. काही दिवसांनी दादा कामानिमित्त पुण्याला आला आणि गॅलरीत उभ्या उभ्या त्याने एका नजरेत ओळखले. “हा सायला आहे,” तो म्हणाला, “आमच्या बागेत असतो तोच.” संत्र्यावरचा हा सायला कोंबातला रस तर शोषतोच, पण त्याहून मोठे नुकसान असे की लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग हा जीवाणूजन्य रोग तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, आणि रोग झालेले झाड बरे करण्याचा उपाय आजवर नाही. कुंतीची कोवळी पालवी या किडीला अत्यंत आवडते. अमेरिकेत फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया या संत्र्याच्या राज्यांत कुंतीची रोपे इकडून तिकडे नेण्यावर त्याच कारणाने निर्बंध आहेत.

वरुडच्या वहिनीने त्या आधीच मला कुंतीची एक फांदी लावण्यासाठी मागितली होती आणि मी ती आनंदाने कबूलही केली होती. दादाचे बोलणे ऐकल्यावर मी तिला फोन करून नकार दिला आणि कारण सांगितले. तिने ते लगेच मान्य केले. ज्यांच्या घराजवळ संत्र्याची, मोसंबीची किंवा लिंबाची बाग आहे त्यांनी कुंतीऐवजी बोगनवेलीचे किंवा अडेनियमचे बोन्साय करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शहरातल्या गॅलरीत ही कीड आवाक्यात ठेवता येते. मी किडलेले कोंब कापून पिशवीत बंद करून टाकले आणि एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून, ऊन उतरल्यावर, आठवड्याच्या अंतराने तीन वेळा फवारले. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी एखादी अळी पानावर सापडली तर ती मात्र मारू नये. ती फुलपाखराची असते. मी ती उचलून कढीपत्त्याच्या मोठ्या झाडावर सोडते, तिथे तिला खाण्यापुरती पाने भरपूर आहेत.

छाटणीच्या बाबतीत फुलणाऱ्या बोन्सायची अडचण वडा-पिंपळाच्या बोन्सायला नसते. आकार राखण्यासाठी कोंब सतत खुडावे लागतात, आणि कुंतीची फुले त्याच नव्या कोंबांच्या टोकांना येतात. दर आठवड्याला टोके खुडणाऱ्याला हिरवागार, सुबक आणि कायम बिनफुलांचा वृक्ष मिळतो. त्यामुळे आता मी वर्षाचे दोन भाग केले आहेत. फुलांची लाट ओसरली की लगेच प्रत्येक कोंब दोन-तीन पानांपर्यंत मागे घेते, आणि पुढच्या कळ्या येण्याच्या काळात आकार थोडा विस्कटला तरी कात्री बाजूला ठेवते. तारेने वळण फक्त कोवळ्या फांद्यांना दिले, कारण जुने लाकूड कठीण असते आणि वाकवताना तडकते. पावसाळ्यात फांद्या झपाट्याने जाडावतात, तेव्हा तार सालीत रुतली नाही ना हे दर आठवड्याला पाहणे भाग आहे.

मागच्या सप्टेंबरमध्ये झाडावर कळ्यांचे सात घोस आले. मी सहा खुडले आणि एक ठेवला. त्यातली पाच फुले उमलली तेव्हा रात्री साडेनऊच्या सुमारास वास गॅलरीतून स्वयंपाकघरापर्यंत आला आणि मी हातातले काम टाकून कितीतरी वेळ तिथेच उभी राहिले. नंतर दोन हिरवी फळे धरली. ती लाल झालेली पाहण्याची इच्छा होती, पण बी पोसण्यात झाडाची शक्ती खर्ची पडू नये म्हणून तीही काढून टाकली.

सध्या मेचा तिसरा आठवडा आहे. झाडावर गेल्या वर्षीपेक्षा दाट पाने आहेत, कोवळ्या पानांत पिवळेपणा नाही आणि तळाच्या भोकातून पांढरी मुळाग्रे डोकावताना दिसतात. या वर्षी प्रथमच मी त्याला किंचित ताण देत आहे: काडी कोरडी निघाल्यावर लगेच पाणी न देता टोकाची पाने जराशी झुकेपर्यंत थांबते, मग भरपूर देते, आणि दुपारच्या उन्हात त्याला कधीही कोरडे सोडत नाही. दोन आठवडे हा क्रम चालू आहे. काल दादाचा फोन आला होता, वरुडला त्यांनीही बागेचे पाणी तोडले आहे. या जूनमध्ये मी ट्रेला हात लावणार नाही. बुंध्याखालची उरलेली अर्धी चिकण माती पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात काढायची आहे.